पहिल्या नावेतलं घरचं माणूस

आबा, तुमच्या नातवानं तुमच्यावर लेख लिहिलाय. दादाच्या थोरल्यानं. नांदेडच्या कुठल्याशा स्मरणिकेत छापून आला आणि त्याची एक प्रत त्यानं मला लातूरला पाठवली, वर पेन्सिलीनं ‘आत्याबाईंस सप्रेम’ असं लिहून. लेख वाईट नाही. पोरानं मेहनत घेतली आहे. आपला घाट आधी नुसता उतार होता, उन्हाळ्यात बैलगाड्या पाण्यातूनच जायच्या आणि पावसाळ्यात भोयांचे डोंगे चालायचे, तेही ज्याला जिवाची पर्वा नाही त्याच्यासाठी, इथपासून त्यानं सुरुवात केलीय. मग तुमच्या वडिलांनी सरकारातून घाटाचा गुत्ता, म्हणजे मक्ता, घेतला, दगडी पायऱ्या बांधल्या, दोन नावा जोडून वर फळ्या ठोकल्या आणि भरली गाडी बैलांसकट पार करायची सोय केली. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका बसला. नाक्यामागं चहाचं दुकान आलं, त्याच्यामागं मिठाची वखार, मग सराय, मग शनिवारचा बाजार. देगलूर, मुखेड, कंधारकडचं धान्य, मिरची, तूप आपल्या घाटानं नांदेडात यायचं आणि मीठ, कापड, घासलेट आपल्याच घाटानं परत जायचं. निजामाच्या राज्यात गोदावरीवर एवढा चालता घाट दुसरा नव्हता, असं त्यानं लिहिलंय. हे तुम्ही स्वतःच सांगत फिरायचात, त्यामुळं खरं किती ते देव जाणे. शेवटी त्यानं लिहिलंय की खालच्या अंगाला सडकेचा पूल झाला आणि पुलामुळं घाट बंद पडला. इथंवर मी चहा पीत पीत वाचलं. मधल्या एका वाक्यानं मात्र माझा चहा गार झाला. ते वाक्य असं आहे, की पूर ओसरल्यावर घाट उघडताना पहिल्या नावेत गुत्तेदाराच्या घरचं माणूस बसायचं, इतका त्यांचा आपल्या नावेवर विश्वास होता.

घरचं माणूस! कोण ते लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल तुम्हीच बसत होतात, मिशीला पीळ देऊन. नाहीतर वाटेल, त्याचा बाप बसत असेल, म्हणजे दादा. पोराला माहीत नसेल, मी त्याला दोष देत नाही. दादानं त्याला सांगितलं नसेल आणि मीही कधी सांगितलं नाही. मी इथं लातूरला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, केस पिकेपर्यंत. रेल्वे आली, पूल आले आणि नदीकाठची बंदरं, घाट मागं पडले, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं. मुलींनी ते वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. मीही त्यांना कधी म्हटलं नाही की पोरींनो, एक घाट असा होता की त्याला पुलानं नाही मारलं.

मला आठवतं तेव्हापासून पहिल्या नावेत मी बसते आहे. आधी थोरली आत्या बसायची म्हणे, ती सासरी गेल्यावर माझी पाळी आली. श्रावणात नदी भरून यायची आणि भादव्यात उतरायला लागायची. आपल्या पायऱ्यांच्या उजव्या हाताला तो शेंदूर फासलेला दगड होता. पुरात तो बुडायचा. पाणी उतरून त्याचं तोंड उघडं पडलं की घाट उघडायचा, हा तुमच्या वडिलांचा कायदा. तोवर या काठाला देगलूरकडं परत जाणाऱ्या गाड्या तुंबलेल्या असायच्या आणि पलीकडच्या काठाला मूग-उडीद घेऊन आलेल्या. बैल रवंथ करत बसलेले, गाडीवान तीन दगडांच्या चुली पेटवून बसलेले. आणि त्यातला कुणीही, कितीही घाई असली तरी, गुत्तेदाराच्या घरचं माणूस पलीकडं पोचल्याशिवाय आपला बैल नावेवर चढवायचा नाही. दरसाली तुम्ही खाली आलात की तोच प्रश्न यायचा, “घरचं मानूस बशिवता न्हवं, गुत्तेदारसाब?” आणि तुम्ही हात वर करून म्हणायचात, “बशिवतो की. ही काय आलीच.”

मी यायची. माय मला पहाटे न्हाऊ घालायची, नवा परकर नेसवायची, वेणीत शेवंती माळायची. तिची बोटं त्या दिवशी फार हळू चालायची, आणि मला वाटायचं सणाचा दिवस म्हणून चालतात. नावेच्या नाळेला, पुढच्या टोकाला, कुंकू लागायचं, नारळ फुटायचा. मला म्होरक्या भोई उचलून फळीवर बसवायचा. त्याला मी भोईमामा म्हणायची. सगळा घाट माझ्याकडं बघायचा, आबा. सात-आठ वर्षांच्या पोरीकडं एवढी माणसं कधी बघतात? मी मान ताठ ठेवून बसायची. पाणी तांबडं असायचं, त्यातून झाडाच्या फांद्या, मेलेली कोंबडी, कुणाच्या घराचा कूड असं काहीबाही वाहत यायचं. मला भीती वाटायची आणि तीही आवडायची. पलीकडं पोचले की तिकडचे गाडीवान मला गूळ द्यायचे, आणि पहिल्या भरल्या गाडीबरोबर मी परत यायची. गावातल्या बायका मला घाटाची लेक म्हणायच्या. मी खरंच समजायची की आपल्या बापाला जगात सगळ्यात जास्त भरवसा आपल्यावर आहे.

मग ते साल आलं, झाडाचं. नाव मधल्या धारेत होती आणि वरून एक अख्खं बाभळीचं झाड मुळांसकट आलं. भोईमामानं वल्हं टाकून दिलं आणि मला फळीवर दाबून धरलं, त्याच्या अंगाचा वास मला अजून आठवतो. नाव गर्रकन फिरली. फळीची एक कड मोडून गेली. मी ओरडले असणार, पण मला ऐकू आलं नाही. कशीबशी नाव परत आपल्याच काठाला लागली, खूप खाली, स्मशानाच्या अंगाला. तुम्ही काठाकाठानं पळत आलात. तुम्हाला पळताना मी तेवढंच एकदा पाहिलं, म्हणून मला रडू फुटलं. तुम्ही गुडघाभर पाण्यात शिरून नावेच्या तळाला हात लावला आणि भोईमामाला विचारलं, “खाली लागलं का कुठं?” त्यानं मला खांद्यावर घेतलेलं होतं. त्यानं मान हलवली. मग तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणालात, “रडायचं न्हाई. गाडीवान बघून राह्यले.” मी रडणं गिळलं. दुसऱ्या दिवशी फळी ठोकून झाली आणि मी पुन्हा बसले.

त्या दसऱ्याला तुम्ही मला चांदीचे वाळे केले. गल्लीत कुणाच्या पोरीला तसले जड वाळे नव्हते. मी ते घालून दिवसभर सारवलेल्या अंगणात वाजवत फिरले. पण पुढच्या भादव्यात मी न्हाऊन उभी राहिले तर तुम्ही मायला सांगितलंत, “वाळे काढून ठेव आधी.” जड होतात पायात, पाण्यात ओढतात, असं म्हणालात. मी मानलं. बरीच वर्षं मानलं. मग एका दुपारी, वर्गात मुली नकाशा काढत होत्या आणि मी खिडकीशी उभी होते, तेव्हा माझ्या मनात आलं की वाळे फडताळात नीट ठेवले होते, कापडात गुंडाळून. बापाबद्दल असं मनात आणू नये हे मला कळतं. पण आलं. आणि एकदा आलेलं मनातून काढून टाकायला तुम्ही जिवंत नव्हता की विचारावं.

मायनं तुम्हाला एकदा विचारलं होतं. मी चुलीपुढं बसून तिला भाकरीसाठी पिठात पाणी घालून देत होते. तुम्ही जेवत होतात. दादा जेवून उर्दू मदरशात गेला होता, त्याला मिसरूड फुटायला लागली होती. माय भाकरी थापता थापता तुमच्याकडं न बघता म्हणाली, “एक साल त्याला बशिवा की नावंत. पोहता बी येतंय त्याला.” तुम्ही हसलात. चिडला असतात तर बरं झालं असतं. हसून म्हणालात, “त्याला काय झालं तर गुत्ता कोन चालवील? हिला काय, आज न्हाई उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंच हाय.” आणि माझ्याकडं ताट सरकवून म्हणालात, “ताक वाढ गं थोडं.” मी ताक वाढलं. मायनं भाकरी तव्यावर टाकली ती वाकडी पडली. मला त्या वेळी त्या वाक्यात काही खटकलं नाही, हे आज मला त्या वाक्यापेक्षा जास्त लागतं. पोरीला सासरी जायचंच असतं, हे तर आम्ही पाळण्यापासून ऐकत होतो. अंग घासायचा दगड जसा मोरीत असतो तसं ते वाक्य घरात होतं.

पुलाचं काम तेव्हा चालूच होतं. खांब उभे राहिले, कमानी बसल्या, आणि एक दिवस तो उघडलाही. पण तुम्ही निर्धास्त होतात, आणि तुमचं बरोबरही होतं. गाडीवान पुलाकडं जात नव्हते. एक तर वळसा पडायचा, दुसरं म्हणजे त्यांचा त्याच्यावर भरवसाच नव्हता. चहाच्या दुकानापुढं एकजण म्हणाला होता, “पुलाला घरचं मानूस कुठं असतंय? कुनाच्या जिवावर जावं त्याच्यावरून?” आणि सगळे हसले होते, तुम्हीसुद्धा. एका पावसाळ्यानंतर तो पूल तसाच उभा राहिला, रिकामा, आणि गाड्या आपल्याच घाटाला लागल्या. हे तुमच्या नातवाच्या लेखात नाही. पूल झाल्यावरही घाट चालत होता, आबा. माझ्यावर चालत होता.

त्याच्या पुढच्या जेठात मला कुंकू लागलं, सोयरीक झाली. लातूरचं घर, भुसारीचं दुकान, मुलगा शिकलेला. लगीन तुळशी झाल्यावर ठरलं. तुम्ही इतके खूश होतात की पेढ्याची टोपली घेऊन स्वतः घाटावर गेलात आणि भोयांपासून नाकेदारापर्यंत, थांबलेल्या प्रत्येक गाडीवानाला पेढा दिलात. श्रावणात नदी आली, भादव्यात उतरली. तुम्ही मायला म्हणालात, “पोरीला तयार कर.” म्हणजे दुसऱ्याच्या घरची होत आलेली पोरसुद्धा तुम्ही नावेत बसवणारच होतात, त्यात तुम्हाला काही वावगं दिसलं नव्हतं. मायनं न्हाऊ घातलं. नवा परकर नेसवला. वाळे काढले. मी पायऱ्या उतरून खाली आले.

घाट भरलेला आहे. शेंदरी दगडाचं तोंड उघडं पडून दोन दिवस झालेत, तो इतका सुकलाय की कुणा भोयानं त्याच्यावर धोतर वाळत घातलंय. भोईमामा नावेशी उभा आहे. मी नेहमीच्या जागी जाऊन उभी राहते, त्यानं मला उचलावं म्हणून नाही, आता मी आपली आपण चढू शकते. तेवढ्यात देगलूरचा एक म्हातारा गाडीवान पुढं येतो. माझ्याकडं बघतो, तुमच्याकडं बघतो आणि अगदी आदबीनं म्हणतो, “गुत्तेदारसाब, हिचं कुंकू झालंय न्हवं? पेढा खाल्लाय म्या.” तुम्ही म्हणता, “हाव, झालंय की.” तो म्हणतो, “मग ही लातूरकराची झाली. हिला बशिवून कसं चालंल? घरचं मानूस बशिवा.” मागून कुणीतरी तेलुगूत “वद्दु, वद्दु” करत मान हलवतो, नको म्हणून. दुसरा म्हणतो, “पोरगं हाय की थोरलं. त्याला बशिवा, आमी लगेच गाड्या जोडतो.”

तुम्ही दाढीवरून हात फिरवता. आणि म्हणता, “हाव, बरोबर हाय. ती आता त्यांचीच.”

दादा तुमच्या मागंच उभा होता. त्याच्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. त्यानं जोडे काढले, धोतराचा काचा मारला आणि म्हणाला, “आबा, बसतो मी.” त्याला भीती वाटत होती, त्याच्या मानेवर घाम होता, तरी तो म्हणाला. तुम्ही नदीकडं बघितलंत. खूप वेळ बघितलंत, जणू नदी तुम्हाला त्या दिवशी नव्यानंच दिसत होती. आणि म्हणालात, “पानी अजून बसलं न्हाई. उद्या बघू.” भोईमामानं एकदा दगडावरच्या त्या धोतराकडं बघितलं, एकदा तुमच्याकडं, आणि तो नावेचा दोर पुन्हा खुंटीला बांधायला वळला. याच्यापेक्षा हातभर जास्त पाण्यात त्यानं मला नेऊन आणलं होतं. घाटावरच्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं. तुम्ही गुत्तेदार होतात म्हणून गाडीवान आपापल्या चुलींकडं वळले. पण माणसं न बोलताही ऐकतात. उद्या झाली, तुम्ही पुन्हा “उद्या बघू” म्हणालात. तेव्हा देगलूरच्या म्हाताऱ्यानं आपले बैल उठवले. तो म्हणाला, “गुत्तेदाराला सोताच्या पोराचा भरोसा न्हाई ह्या नावंवर, आपन कशाला चढायचं?” तुमच्या पुढ्यात नाही म्हणाला, चहाच्या दुकानापुढं म्हणाला. मी तिथंच वखारीच्या आडोशाला होते. त्याच्या मागं दुसरी गाडी गेली, मग तिसरी, सगळ्या पुलाच्या वाटेनं. पलीकडच्या काठावरचे बघत होते, तेही गेले. पूल पडला नाही. आणि एकदा पुलावरून गेलेला गाडीवान परत नावेवर चढत नाही.

त्यानंतर तुम्ही घाट उघडलात, पाणी घोट्याला आल्यावर. पण तुमच्या घाटाला गाडी म्हणून लागली नाही. पुढं हर्राजाला, गुत्त्याच्या लिलावाला, तुमच्याशिवाय कुणी आलं नाही आणि त्याच्या पुढं तुम्हीही गेला नाहीत. नाका उठला, सराय पडली. दादा हैदराबादला कचेरीत चिकटला, त्यानं आयुष्यात कधी वल्ह्याला हात लावला नाही. ज्या गुत्त्यासाठी त्याला जपलं तो गुत्ताच राहिला नाही. तुम्ही मात्र ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पुलाच्या नावानं शिव्या घालायचात, सरकारच्या इंजिनियरांच्या नावानं घालायचात. मी माहेरपणाला आले की ऐकायची. लग्नाच्या वेळी, मला गाडीत बसवताना तुम्ही म्हणाला होतात, “लातूरला नदी न्हाई. सुखात ऱ्हाशील.” पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. वाटा बंद होत्या, रझाकारांची भीती, मला निरोप पोचला तोवर दिवस होऊन गेले होते. मला रडू आलं नाही. सासूबाईंनी चारचौघांत तसं बोलूनही दाखवलं.

हे पत्र कुठं टाकणार? नातवाला पाठवणार नाही, त्याचा आजोबा त्याला राहू दे. माझ्या शेजारची म्हणते, मेलेल्या माणसाचं काही राहिलं असेल तर लिहून नदीत सोडावं. तुमच्या नदीला मी पुष्कळ दिलं, आणखी कागद देणार नाही. पेटीतल्या जुन्या लुगड्याखाली राहील, आणि माझ्यामागं पोरं रद्दीत घालतील. एवढं लिहून झाल्यावर मात्र माझ्या ध्यानात येतंय की मी ज्या-ज्या गोष्टींचा राग धरला, त्यातलं एक-एक गळून गेलंय. मला बसवलंत, ठीक आहे, आत्यालाही बसवलं होतं. दादाला राखलंत, मलाही मुलगा आहे, मीही त्याला राखलंच असतं. वाळ्यांचं तर मला खरंखोटं कधी कळणारच नाही. पण तुमचं ते “हाव, बरोबर हाय” काही केल्या जात नाही. त्या म्हाताऱ्याशी एका शब्दाचाही वाद न घालता तुम्ही मान्य केलंत. “लगीन तुळशीनंतर हाय, तवर पोरगी माझीच हाय,” एवढंच तुम्ही त्याला सांगायचं होतं. त्यानं ऐकलं असतं, म्हातारा भला माणूस होता. मी तिथं नवा परकर नेसून उभीच होते. मी बसले असते, आबा. दगड पाण्याखाली असता तरी बसले असते.